भाजीत मीठ कमी आहे

संपादकांचा फोन आला, ‘चिनी स्थलांतरितांवरची ती कादंबरी तुम्ही शिकवता ना, तिच्यातल्या पात्रांवर आणि मूल्यांवर लिहा. पण सोपं.’ सोपं कसं असतं ते गाइडवाल्यांनी आधीच ठरवून टाकलंय. डावीकडे चिनी मूल्ये : आज्ञाधारकपणा, त्याग, कुटुंब. उजवीकडे अमेरिकन : स्वातंत्र्य, यश, व्यक्ती. हा तक्ता दरवर्षी उत्तरपत्रिकांतून माझ्या टेबलावर येतो आणि दरवर्षी माझं डोकं फिरतं.

एमी टॅन यांची ‘द जॉय लक क्लब’ १९८९ची. चीनमधून सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्या चार आया आणि अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या चार मुली. त्यांतली लिंडो जाँग घ्या. तिचं लग्न लहानपणीच ठरलेलं. आईवडिलांनी दिलेला शब्द मोडायचा नाही, म्हणून ती मुकाट सासरी जाते. लग्नाच्या रात्री दोन्ही टोकांना पेटवलेली लाल मेणबत्ती सकाळपर्यंत जळली, की लग्न अभंग. लिंडो नवऱ्याच्या बाजूची वात हळूच विझवते. पुढे पूर्वज स्वप्नात येऊन कोपल्याचं असं काही रचते, की सासरचेच तिला पैसे देऊन वाटेला लावतात. शब्द पाळला आणि सुटलीही. आता हिला कुठल्या रकान्यात बसवायचं?

हीच लिंडो पुढे अमेरिकेत मुलीच्या होणाऱ्या गोऱ्या नवऱ्याला, रिचला, जेवायला बोलावते. स्वतःचा हातखंडा पदार्थ वाढते आणि म्हणते, मीठ कमी पडलंय, चव नाही. यावर पाहुण्यानं एक घास खाऊन वाहवा करायची असते. रिच अख्ख्या पदार्थावर सोया सॉस ओततो! वर्गात हा प्रसंग मला कधीच समजावून सांगावा लागत नाही. आमच्या दोंडाईच्यात तर्रीदार शेवभाजी वाढतानाही घरची बाई ‘आज काही जमली नाही’ म्हणतेच. त्यावर मिठाची बरणी मागणारा जावई काय लायकीचा, हे पोरांना बरोबर कळतं. परीक्षेत मात्र तीच पोरं तक्ता लिहितात.

आता थोडं वादाचं. संपादक कात्री लावतील, लावोत. फ्रँक चिन या चिनी-अमेरिकन लेखकानं १९९१मध्ये एका लांबलचक निबंधात टॅन आणि मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांना सरळ नकली ठरवलं. किंग्स्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’मध्ये (१९७६) दंतकथेतल्या लढवय्या मुलानच्या पाठीवर आईवडील अक्षरं कोरतात, ती खूण खरी सेनापती युए फेईच्या दंतकथेतली. गोऱ्या वाचकासाठी परंपरा वाकवली, हा चिन यांचा आरोप. दंतकथा बदलल्या नाहीत तर विसरल्या जातात, हे किंग्स्टन यांचं उत्तर. अस्सल काय आणि उसनं काय, हे भांडण देशीवादी नेमाड्यांच्या खानदेशाला नवं नाही, त्यामुळे मी त्यात नको तितका रमतो. माझं मत किंग्स्टन यांच्या बाजूचं. इथून रेल्वेनं सुरतेला गेलेली, लिंबायत-उधन्यात स्थिरावलेली आमची कुटुंबं बघा. गावात सुटत चाललेल्या रीती तिथं कटाक्षानं पाळतात आणि पाळता पाळता बदलतातही. त्यांना नकली म्हणायची माझी छाती नाही.

पण चिन यांची एक तक्रार मला सोडत नाही. या लेखिकांच्या पुस्तकांत चिनी पुरुष एक तर दुष्ट, नाही तर नावापुरता. टॅन यांच्याकडे चीनमधले नवरे पोरकट, बाहेरख्याली किंवा जुलमी. अमेरिकेतले बाप बहुतेक कोपऱ्यात बसलेले. परवा एका विद्यार्थिनीनं तास संपल्यावर विचारलं, ‘सर, सगळं आयाच शिकवतात, मग बाप काय करतात?’ तिचे वडील उधन्याला यंत्रमागावर रात्रपाळी करतात. कादंबरी आयांचीच आहे, असं काहीतरी मी बोललो. तिला ते पटलं नाही, मलाही नाही. चिन यांचा निबंध तिला वाचायला दिलाय. इंग्रजी अवघड आहे आणि सूर भांडखोर, पण ती चिकाटीची आहे.