दऱ्यांचा दर्या कसा झाला?

मुलांनो, 'दऱ्या' आणि 'दर्या' हे दोन शब्द जरा मोठ्यानं वाचा बरं. दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि दर्या म्हणजे समुद्र. लिहिताना फरक केवढा, तर फक्त 'र'च्या आकाराचा. पण एवढ्याशा फरकापायी आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

आमचं अकलोली भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी. इथली गरम पाण्याची कुंडं प्रसिद्ध आहेत. मुलांनी आजी-आजोबांना विचारून गावाची माहिती लिहून काढली. कॉलेजात संगणक शिकणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं ती 'गिट'मध्ये ठेवली.

गिट ही लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली प्रणाली. मजकुरातली कोणती ओळ कोणी, कधी बदलली याची ती नोंद ठेवते. वहीत खोडरबर फिरवला की आधीचं गेलंच! गिटमध्ये मात्र आधीचंही जपून राहतं.

सातवीतल्या एका मुलीनं मामाच्या संगणकावर बसून आजीनं सांगितलेली कुंडाची एक ओळ त्यात घातली. फक्त एक. पण गिटनं दाखवलं, की जुन्या सगळ्या १४० ओळीही बदलल्यात, आणि प्रत्येक ओळीपुढे हिचंच नाव! शिवाय 'पावसाळ्यात दऱ्या धुक्यानं भरतात' याचं झालं होतं 'दर्या धुक्यानं भरतात'.

झालं! वर्गात एकच गिल्ला. "बाई, हिनं सगळं बिघडवलं! अकलोलीत समुद्र आणला!"

ती रडवेली झाली. "बाई, शप्पथ, मी एकच ओळ लिहिली."

गंमत बघा, गिटमध्ये 'ब्लेम' नावाची एक आज्ञाच आहे. ब्लेम म्हणजे दोष देणं. पण ती सांगते एवढंच, की या ओळीला शेवटचा हात कोणाच्या नावानं लागला. बदल माणसानं मुद्दाम केला की यंत्रानं परस्पर केला, हे तिला कुठून कळणार?

मग कॉलेजातला दादा शोधाला लागला. जुन्या टेलिप्रिंटरला नवी ओळ सुरू करायला दोन कामं करावी लागत. एक, डावीकडे परत जायचं. दोन, कागद एक ओळ वर सरकवायचा. संगणकात या दोन खुणांचे क्रमांक आहेत १३ आणि १०. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी सहसा दोन्ही खुणा असतात, लिनक्समध्ये फक्त १०. मामाकडचा एडिटर, म्हणजे लिहायचा प्रोग्राम, न विचारता प्रत्येक ओळीला १३ची शेपटी लावत होता. डोळ्यांना ती दिसेना, गिटला मात्र दिसली!

दादानं गिटला सांगितलं, "शेपट्या सोडून तुलना कर." लगेच बदललेल्या ओळी उरल्या तीनच. एक तिनं लिहिलेली आणि दोन 'दऱ्या'वाल्या.

त्या दोन ओळींचं काय? युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. 'र'चा २३५२. कोणीतरी आधी 'दऱ्या' लिहिताना र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह, क्रमांक ८२०५, वापरलं होतं. एडिटरनं ते अदृश्य चिन्ह कचरा समजून पुसलं. उरला दर्या! म्हणजे खोड्या दोन होत्या, आणि पहिलीच्या गर्दीत दुसरी लपली होती.

जुना मजकूर होताच, त्यामुळे दऱ्या जागेवर आल्या. ओळींच्या शेवटी कोणती खूण ठेवायची याचा नियम दादानं एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवला. आता मुलं 'ऱ' हे स्वतंत्र अक्षरच वापरतात. त्याचा क्रमांक २३५३. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून 'र'ची कळ दाबली की ते येतं. मग पुसलं जायला अदृश्य चिन्हच उरत नाही. आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा मुलगा आपणहून त्या मुलीकडे जाऊन "सॉरी" म्हणाला.

नकलेत शब्द बदलणं काही आजचं नाही. हातानं उतरवताना ज्ञानेश्वरीतही पाठभेद शिरले होते. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ती शुद्ध केली. कोणत्या नकलेत कोणी काय बदललं, हे सांगणारं गिट त्यांच्याजवळ नव्हतं. आपल्याजवळ आहे. पण नोंद नीट वाचायचं काम अजून माणसाचंच आहे. नाव दिसलं म्हणून बोट दाखवू नका. काय बदललं, कशानं बदललं, ते आधी बघा.

आता तुम्हाला एक कोडं. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा.' यांतलं कोण शिकवायला येईल आणि कोण स्वयंपाक करायला? घरी आई-बाबांनाही विचारा हं!