समकालीन

बी. ए.च्या शेवटच्या वर्षी अमरावतीला आम्हांला एक पेपर होता : समकालीन युरोपीय तत्त्वज्ञानाचा इतिहास. आता, जे समकालीन आहे त्याचा इतिहास कसा, आणि ज्याचा इतिहास झाला ते समकालीन कसे, हे कोडे मला पहिल्याच दिवशी पडले. पुस्तक उघडले तर सगळी मंडळी कैलासवासी! हुसर्ल १९३८ साली गेलेला, बर्गसाँ १९४१ साली. त्यातल्या त्यात ताजा म्हणजे सार्त्र. तो वारला १९८० साली, म्हणजे मी जन्मलो त्या वर्षी. समकालीन म्हणावे असे आमचे तेवढेच काय ते नाते.

वर्गात आम्ही चार जण. पाऊस असला की दोन. मी ही शंका काढली तेव्हा सर हसून म्हणाले, "खरे समकालीन वाचले ते तुमच्या अकोल्याच्या विद्यार्थ्याने!" त्यांचा रोख आगरकरांकडे होता. आगरकर मूळचे टेंभूचे, पण १८७५ साली मॅट्रिक झाले ते अकोल्याहून. पुढे पुण्याला डेक्कन कॉलेजात त्यांनी मिल आणि स्पेन्सर वाचले. तेव्हा मिलला जाऊन दोन-चार वर्षेच झाली होती आणि स्पेन्सर तर तिकडे इंग्लंडात अजून लिहीत होता. आगरकर १८९५ साली गेले. स्पेन्सर त्यांच्यामागे आठ वर्षे जगला! शाई वाळण्याआधी वाचणे म्हणतात ते हे. आम्ही मात्र ग. ना. जोशी यांच्या 'पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' या ग्रंथावरून टिपणे काढीत बसलो होतो.

दर शनिवारी मी बडनेऱ्याला गाडी धरून अकोल्याला घरी जाई. आई मी दहावीत असतानाच गेली होती. घरी दादा एकटे. ते कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते, शिक्षण सातवीपर्यंत. पिठले-भाकरीचे ताट पुढे सारीत आणि विचारीत, "काय शिकोलं बावा, तुमच्या सरानं?"

एकदा मी हुसर्ल सांगितला. एखाद्या वस्तूविषयी आपण जे आधीच धरून चाललेलो असतो ते सारे कंसात ठेवायचे, आणि ती आपल्याला जशी प्रतीत होते तशीच पाहायची. आमच्या वर्गाला हे उमजायला तीन आठवडे लागले होते. दादा म्हणाले, "त्यात नवं काय हाये? गाडीवाला म्हनते, माल येक नंबर हाये. त्याचं म्हननं बाजूले बांधून ठेवा लागते, अन् बोटाले काय लागते थे पाहा लागते." आणि चिमटीत कापूस धरून तार ओढल्यासारखी त्यांनी बोटे केली. परीक्षेत मी हे उदाहरण लिहिले नाही. लिहायला हवे होते.

फेब्रुवारीत सार्त्र निघाला. त्याच सुमारास सरांनी मला पुण्याला तत्त्वज्ञानाच्या एम. ए.साठी अर्ज करायला सांगितले होते. त्यांनी स्वतः मागवलेला फॉर्म माझ्या पिशवीत पुस्तकाच्या आत घडी करून ठेवलेला होता. घरी मी बोललो नव्हतो.

त्या शनिवारी मी दादांना सार्त्रने १९४५ साली पॅरिसच्या व्याख्यानात सांगितलेली हकीकत सांगितली. महायुद्धाचे दिवस. त्याचा एक विद्यार्थी विचारायला आला. थोरला भाऊ १९४० साली जर्मनांच्या चढाईत मारला गेलेला, बाप घराला पारखा, आईला या मुलाशिवाय कोणी नाही. मुलाला वाटे, इंग्लंडला जाऊन फ्रेंच सैन्यात सामील व्हावे. जावे की आईजवळ राहावे? सार्त्रने एवढेच सांगितले, की तू मोकळा आहेस, तुझे तूच ठरव. कोणताही ग्रंथ, कोणताही धर्म हे तुझ्यासाठी ठरवून देणार नाही.

"मंग? त्या पोट्ट्यानं काय केलं?"

"थे त्यानं सांगतलं नाई, दादा."

दादा बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडीत बसले. मग म्हणाले, "अन् त्या मायले कोनी पुसलं काय?"

अमरावतीला परतल्यावर मी ते व्याख्यान पुन्हा पहिल्यापासून वाचले. आईला कोणी विचारल्याचे त्यात नव्हते. मुलाला आई सोडवत नव्हती की शौर्य खुणावत होते, याची चर्चा पानभर. ती बाई एक शब्द बोलत नाही.

जूनमध्ये मी अमरावतीलाच एम. ए.ला मराठी घेतले. मराठीत नोकरी लवकर लागते, असे सरांना सांगितले, दादांनाही तेच. ते खोटे नव्हते. मला नोकरी लागलीही. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दादांनी मात्र "बरं" म्हटले आणि नंतर कित्येक महिने, मी शनिवारी गेलो की, ज्ञानेश्वरी काय म्हणते हे ऐकून झाल्यावर हळूच विचारीत, "थो सात्र पुढे काय म्हनते?"

त्या फॉर्मविषयी मी त्यांना कधीच सांगितले नाही. पिशवी मात्र दर शनिवारी, धुवायचे कपडे काढण्यासाठी, तेच रिकामी करीत.