आमच्या ओढ्याची नाडीपरीक्षा

आमच्या गराजमध्ये बर्फ काढायच्या फावड्याशेजारी एक काठी उभी असते. ॲल्युमिनियमची, दुर्बिणीसारखी आत-बाहेर सरकणारी. खालच्या टोकाला मुठीएवढ्या कड्यात बसवलेला प्लॅस्टिकचा पंखा आणि वरच्या टोकाला घड्याळाएवढी डबी. गणपतीला घरी येणारी मंडळी गाडी लावता लावता हटकून विचारतात, "काय हो, मासेमारी सुरू केली की काय?" आम्ही सांगतो की हे पाण्याचा वेग मोजायचं यंत्र आहे. "अस्सं!" म्हणून मंडळी लगबगीनं मोदकांकडे वळतात. एकदाच सविस्तर लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या गणपतीला सुटका होईल, म्हणून हा लेखनप्रपंच.

काठी आमची नाही. न्यू जर्सीत आमच्या भागातल्या पाणलोट-संरक्षण संस्थेची आहे, आमच्याकडे मुक्कामाला आहे. ती आली त्याला कारण झाली १ सप्टेंबर २०२१ ची रात्र. त्या रात्री 'आयडा' वादळाचा पाऊस न्यू जर्सीवर कोसळला. मॅनव्हिलसारखी रॅरिटन नदीकाठची गावं पाण्यात गेली, त्यामानानं आमचं नुकसान काहीच नाही. घरामागचा ओढा, जो एरवी नातवंडांना बेडूक दाखवायच्या कामाचा, तो त्या रात्री अंगण ओलांडून आला आणि बेसमेंटमध्ये चार फूट चढला. फर्नेस गेली, फ्रीजर गेला. आणि एक पत्र्याची ट्रंक गेली. १९७८ साली जिच्यातून आमचा सगळा संसार या देशात आला, ती. तिच्यात दोघांच्या आईवडिलांची पत्रं होती. निळी अंतर्देशीय आणि एरोग्राम. शाई पाण्यात उतरली आणि दुसऱ्या दिवशी हाती फक्त निळा लगदा आला. त्याबद्दल यापुढे लिहीत नाही.

शेजाऱ्यांची बैठक झाली. सगळ्यांचं एकमत की दोष रस्त्याखालच्या मोरीचा. वरच्या अंगाला गेल्या काही वर्षांत गोदामं झाली, त्यांचे फुटबॉलच्या मैदानाएवढे पार्किंग लॉट झाले, पाणी मुरायचं थांबलं आणि मोरी मात्र तीच जुनी. टाउनशिपच्या हपिसात गेलो. तिथल्या माणसानं शांतपणे विचारलं, "ओढ्यातून किती पाणी वाहतं, याचे काही आकडे आहेत का तुमच्याकडे?" नव्हते. मोठ्या नद्यांवर सरकारची मापनकेंद्रं आहेत, आमच्या ओढ्याला कोण विचारतो? तेव्हा आपणच मोजू, असं आम्ही ठरवलं.

आमच्यातला एक नीरेच्या डाव्या कालव्याकाठचा. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि कालव्यात संत्रं टाकून ते ठरलेल्या दोन खुंट्यांमधलं अंतर किती वेळात कापतं ते घड्याळावर बघायचे. दुसरी पुण्याची, नारायण पेठेतली. तिचं पाण्याबद्दलचं शिक्षण वयाच्या सातव्या वर्षी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटलं त्या सकाळी पुरं झालं. तेव्हा या घरात एकाला पाण्याचं कौतुक आणि दुसरीला धास्ती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. पुढे उपयोगी पडेल.

आता यंत्राविषयी. वाहत्या पाण्यात पंखा धरला की तो फिरतो, हे लहान मुलालाही कळतं. पंख्याच्या पात्यात चुंबक असतो. तो दर फेरीला एका ठरावीक जागेसमोरून गेला की विजेचा बारीकसा ठोका वर डबीत पोचतो. डबी ठोके मोजते आणि सेकंदाला किती फूट ते दाखवते. पण किती ठोके म्हणजे किती फूट, हे आधी कोणीतरी ठरवलेलं असावं लागतं. त्यासाठी मोठ्या लांब टाकीत संथ पाणी ठेवतात आणि ठरलेल्या वेगानं यंत्रच पाण्यातून ओढत नेतात. हे काम आपल्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातही चालतं. इतकी वर्षं सिंहगडावर जाताना त्याच्या फाटकासमोरून गेलो, पण आत काय चालतं ते न्यू जर्सीत आल्यावर कळलं! पंख्याची कल्पनाही नवी नव्हे. वोल्टमान नावाच्या जर्मन इंजिनियरनं १७९० मध्ये असं यंत्र केलं. अमेरिकेत प्राइस नावाच्या इंजिनियरनं १८८२ मध्ये पंख्याऐवजी फिरत्या वाट्या लावल्या, आणि त्या वाट्यांची सुधारलेली यंत्रं पुढे शंभराहून अधिक वर्षं इथल्या नद्यांमध्ये फिरत राहिली.

संस्थेच्या बाईंनी आम्हाला एका शनिवारी सगळं शिकवलं. पाण्यात उतरण्याआधी पंख्यावर फुंकर मारायची. तो सहज फिरला पाहिजे आणि हळूहळू थांबला पाहिजे. अडखळत असला तर आत वाळूचा कण किंवा केस गुंतलेला असतो. डबीवर फूट की मीटर ते बघायचं. कड्याच्या आत एक बाण असतो, तो पाणी जातं त्या दिशेला हवा. मागच्या मोजणीची सरासरी पुसून शून्य करायची. मग जागा निवडायची. ओढा सरळ वाहतोय, मध्ये मोठे दगड नाहीत, भोवरा नाही, अशी. तिथे या काठापासून त्या काठापर्यंत, प्रवाहाला काटकोनात, मोजपट्टी ताणून बांधायची. जागा निवडण्यातच आमची पहिली सकाळ गेली. घरातून पाहताना ओढा अगदी सरळ दिसायचा. गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर कळलं की त्याच्या अंगात किती वळणं आहेत.

पट्टीवर एकेका फुटावर थांबायचं, खोली मोजायची आणि पंखा योग्य त्या खोलीवर धरायचा. ही योग्य खोली म्हणजे पृष्ठभागापासून खाली साठ टक्के. का? तर तळाशी दगडगोट्यांना घासून पाणी रेंगाळतं आणि वरचं पाणी पुढे पळतं. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवर दुकानांच्या कडेनं चालणारी गर्दी मुंगीच्या पावलानं सरकते आणि रस्त्याच्या मधली माणसं झपझप जातात, तसंच. या सगळ्यांचा सरासरी वेग साधारण त्या साठ टक्क्यांच्या खोलीवर सापडतो. तिथे चाळीस सेकंद काठी स्थिर धरायची, आणि आपण पट्टीच्या खालच्या अंगाला, बाजूला उभं राहायचं. आम्ही पहिल्यांदा वरच्या अंगाला उभे राहिलो. दोघांच्या चार पायांमागे जो संथ डोह तयार झाला, त्याचा वेग मोठ्या निष्ठेनं मोजून घेतला. बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

मग गुणाकार. प्रत्येक ठिकाणची रुंदी गुणिले खोली गुणिले वेग. एक फूट रुंद, पाऊण फूट खोल आणि सेकंदाला ०.८ फूट, म्हणजे ०.६ घनफूट. अशा चौदा तुकड्यांची बेरीज केली ती आली ८.४ क्युसेक. क्युसेक! "खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक पाणी सोडलं" असं पेपरात वाचत वाढलेल्या माणसांना आपल्या अंगणातला आकडा क्युसेकमध्ये मिळाला, याचा आनंद काय सांगावा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. तेव्हा आमचा बेडकांचा ओढा सेकंदाला सोळा बादल्या भरत होता.

काठावर आम्ही फुटांच्या खुणांची एक पट्टी रोवली. दर मोजणीला पट्टीवरची पातळी आणि क्युसेक, दोन्ही वहीत लिहायचे. पुरेशा मोजण्या झाल्या की त्यांचा आलेख काढायचा. मग नुसती पातळी पाहून प्रवाह सांगता येतो. हिशोब असा सुरेख होता.

२०२३ च्या उन्हाळ्यात नातू राहायला आला. तो गेल्यानंतरच्या दोन मोजण्यांत ओढा एकदम तिसऱ्या हिश्शावर आला होता! पट्टीवरची पातळी जवळपास तीच. आम्ही तर्क लढवला की वरच्या गोदामवाल्यांनी पाणी अडवलं असणार. तसं जरा कडक शब्दांत टाउनशिपला कळवूनही टाकलं. तिसऱ्या मोजणीच्या वेळी चष्मा बरोबर होता. डबीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात मीटर दिसत होतं. बटणं दाबायची हौस नातवाची, पण सुरू करण्याआधी बघायचं काम आमचं होतं, आणि ते आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं. दुसरं पत्र पाठवलं. त्यात शब्द मऊ होते.

आता १८ डिसेंबर २०२३. आदल्या रात्रीपासून धो धो पाऊस. सकाळी ओढा तांबडा होऊन काठाला लागला. पट्टीवर साडेतीन फूट. आमच्या वहीतली तोवरची सर्वांत मोठी पातळी दीड फूट. मोरी लहान की मोठी याचा निकाल ज्या आकड्यानं लागायचा, तो आकडा समोरून वाहत चालला होता. नीराकाठचे गृहस्थ बूट चढवून, काठी घेऊन मागच्या दारापर्यंत पोचले.

"अहो, कुठे निघालात?"

"अगं, काठाशीच धरतो. दोन मिनिटं. असा चान्स परत यायचा नाही."

पाण्यात उतरण्याचा इथे एक सोपा नियम आहे. फुटांमधली खोली गुणिले सेकंदाला फुटांमधला वेग. उत्तर दहा किंवा त्याहून जास्त आलं तर पाय घालायचा नाही. आमच्या वयाला आम्ही ते पाचच धरतो. खिडकीतून बघितलं तर एक तुटकी फांदी पट्टीपासून वीस फुटांवरच्या मेपलपर्यंत चार सेकंदांत गेली. पाच गुणिले साडेतीन. हा गुणाकार पुणेकरणीनं दारात आडवं उभं राहून मोठ्यानं केला. तरी पाऊल बाहेर पडत होतं. मग ती एवढंच म्हणाली, "एकसष्ट साली आमच्या वाड्यातले लोकही काठावरूनच बघत होते." हे तिनं लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. पानशेतच्या गोष्टी सांगायची, पण दप्तर वाहून गेलं, शाळेला सुट्टी मिळाली, अशा. काठी गराजमध्ये परत गेली. दोघांनी खिडकीशी बसून चहा घेतला. बोललो नाही फारसं. पाणी त्या दिवशी बेसमेंटच्या दारापाशी येऊन थांबलं.

२०२४ च्या वसंतात टाउनशिपचा तरुण इंजिनियर घरी आला. आमच्या एकवीस मोजण्यांची वही त्यानं अर्धा तास पाहिली. मोजण्या चांगल्या आहेत म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. आणि मग, "पण यावरून मोरीबद्दल काही सांगता येत नाही. दीड फुटापर्यंतच्या रेघेला मीच लांबवून आठ फुटांवर नेली, तर ते गणित नाही, अंदाजपंचे झालं." दोन वर्षं थंडीवाऱ्यात पाण्यात उभं राहिल्यावर हे ऐकायचं! एवढ्या मोठ्या पुराचा वेग मोजायला सहसा कोणी हजर नसतं, तो नंतर खुणांवरून काढतात, असं त्यानं सांगितलं. पाणी कुठवर चढलं त्याच्या रेघा, ओढ्याचा उतार, पात्राचा आकार. "आयडाची रेघ बाहेर कुठे राहिली आहे का? शेडवर, भिंतीवर?"

होती की! आमच्या बागेतल्या शेडवर चिखलाची सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी रेघ होती. दिवाळीच्या आत सगळं स्वच्छ दिसावं म्हणून ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन हात रंग देऊन ती आम्हीच पुसली होती. पलीकडच्या पोलिश आजोबांची शेड मात्र तशीच. ती कळकट शेड बघून आम्ही नाकं मुरडत असू. त्या शेडवरून इंजिनियरनं रेघेची उंची घेतली. आम्ही आजोबांना पुरणपोळ्या नेऊन दिल्या. कशाबद्दल ते त्यांना सांगितलं नाही. मोरीचं अजून काही ठरलेलं नाही, पाहणी झाली आहे.

वही आम्ही बंद केलेली नाही. ऑक्टोबर २०२४ हा न्यू जर्सीतला नोंदीतला सर्वांत कोरडा महिना ठरला. त्या महिनाअखेरीला ओढ्यात पाणी पावलावर येईल इतकंच होतं आणि चालत होतं इतकं हळू, की पंखा हलेना. सेकंदाला तिसऱ्या हिश्शाच्या फुटाखाली हे यंत्र मुकं होतं. फुंकर मारून पाहिली, पंखा ठीक होता. नीराकाठचे गृहस्थ काही न बोलता घरात गेले आणि फ्रीजमधून एक संत्रं घेऊन आले. तेवढ्या पाण्यात ते दगडाला अडकायला लागलं, म्हणून सोललं, फोडी दोघांनी खाल्ल्या आणि सालीचा तुकडा सोडला. वीस फुटांना शंभर सेकंद. पृष्ठभागावरच्या वेगाला ०.८५ नं गुणायचं, वडिलांकडून पाठ झालेलं. सेकंदाला ०.१७ फूट. वहीत आकडा लिहिला आणि शेरा लिहिला, 'पंखा फिरला नाही. साल.' मग मोजपट्टी गुंडाळायला घेतली, तोवर साल मोरीच्या तोंडाशी पोचली होती.