स्वभावाची साक्ष

वकिलीच्या आरंभीच्या काळात बेळगावच्या न्यायालयात एका तरुणाचे वकीलपत्र मी घेतले होते. देवळातील चांदीचे तबक नाहीसे झाले होते. हा तरुण त्या सायंकाळी गाभाऱ्यापाशी दिसला, असे दोघांनी सांगितले. बाकी सारी साक्ष त्याच्या स्वभावाची. तो उतावळा, भांडखोर, रात्री उशिरापर्यंत भटकणारा. मी त्याची बाजू मांडीत होतो. परंतु मनातून मीही त्याला केव्हाच दोषी ठरविले होते.

त्याच सुमारास आयझेंक या मानसशास्त्रज्ञाचा १९६४ सालचा ‘क्राइम अँड पर्सनॅलिटी’ हा ग्रंथ वाचनात आला. त्याच्या मते सदसद्विवेक म्हणजे बालपणी शिक्षेच्या अनुभवातून जडलेली सवय होय. बहिर्मुख माणसाच्या अंगी ती लवकर मुरत नाही. त्यात मन अस्थिर असेल, तर तो अपराधाकडे अधिक ओढला जातो. निर्दय वृत्तीची भर त्याने मागाहून घातली. वाचताना माझा अशील डोळ्यांपुढे उभा राहिला. वर्णन किती चपखल बसले!

पण चपखल बसणे हा पुरावा नव्हे. नंतरच्या अभ्यासांत बहिर्मुखतेचा गुन्ह्याशी संबंध कधी आढळला, कधी नाही. निर्दयता व आवेग यांचा मात्र अधिक सातत्याने दिसला. शिवाय तपासलेले लोक पुष्कळदा तुरुंगातलेच. न सापडलेला चोर या मोजणीत येतच नाही, आणि तुरुंगवासाने मन किती पालटले हेही वेगळे काढणे कठीण. हजारांचा कल हा एकाविषयीचा निवाडा कसा होईल?

ही चूक जुनीच आहे. १८७६ साली लाँब्रोझोने जन्मजात गुन्हेगार शरीरलक्षणांवरून ओळखू येतो असे मांडले. १९१३ साली गोरिंगने तीन हजारांहून अधिक इंग्रज कैद्यांची मापे तपासून ते खोडले. आपल्याकडे तर १८७१च्या कायद्याने संपूर्ण जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ साली गेला. शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

आपला पुराव्याचा कायदा याबाबतीत अधिक शहाणा. आरोपीने स्वतःच्या सच्छीलाचा पुरावा दिल्याखेरीज त्याचे पूर्वीचे दुःशील सामान्यतः ग्राह्य नाही, हे तत्त्व १८७२च्या अधिनियमात होते. २०२३च्या नव्या अधिनियमातही ते कायम आहे.

त्या खटल्याची सुनावणी चालू असतानाच उत्सवाची पेटी उघडली गेली, आणि तळाशी, जुन्या वस्त्रांखाली, तबक सापडले. चोरी झालीच नव्हती. निर्दोष सुटल्यावर तो तरुण माझ्या घरी आला व हात जोडून म्हणाला, “वकीलसाहेब, साऱ्या गावात तुम्ही एकट्यानेच माझ्यावर विश्वास ठेवलात.”

ते ऐकताना माझी मान खाली गेली.