पुन्हा सा-रे-ग-म

निवृत्त झाल्यावर काय करायचे, असा प्रश्न मला कधी पडला नाही. मी पोटभर गाणे ऐकणार होतो! पण माझ्याआधी माझ्या कानांनीच निवृत्ती घेतली.

शेवटी कॉक्लिअर इम्प्लांट बसवले. काही महिन्यांत आमच्या सौभाग्यवतींचे बोलणे पुन्हा कळू लागले. (यात नफा किती आणि तोटा किती, तो हिशेब मी जाहीर करणार नाही.) पण २०२३ च्या दिवाळीत पहाटेच्या मैफलीला जाऊन बसलो आणि वाटले, कुणी भांड्यांचे फडताळच पाडले!

श्रवणतज्ज्ञ बाईंनी समजावले, "निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशीच सुमारे ३,५०० असतात, तुमच्या यंत्रात २२ इलेक्ट्रोड. बोलण्याला ते पुरतात, सुरांच्या बारकाव्यांना अपुरे पडतात. लय मात्र नीट पोचते. तिचेच बोट धरा."

मग घरीच शाळा भरली. पंखा बंद, खिडक्या बंद. आधी नुसता ठेका, मग पेटीचा एकेक सूर. "चढला की उतरला?" ती विचारी. मी चुके. ती पुन्हा भाता मारी.

पुढच्या वसुबारसेला तिने आपले नेहमीचे भजन म्हटले. साथ नाही, फक्त टाळी. शब्द माझ्यासमोर लिहिलेले. आवाज अजून पत्र्यासारखाच लागला. पण लयीमागून शब्द आले आणि शब्दांमागून आठवणीतला सूर आला.

"कसे झाले हो?"

"दुसऱ्या कडव्यात तालाला चुकलीस," मी म्हणालो.

एरवी ती रागावली असती. त्या दिवशी डोळ्यांना पदर लावून हसली.