अंगठा ऐकू येतोय का?

बोनस जमा झाला की आमच्या ऑफिसात दोन जमाती दिसायला लागतात. एक गोव्याची तिकिटं शोधणारी आणि दुसरी स्पीकर्सचे रिव्ह्यूज वाचणारी. मी दुसऱ्या जमातीतला. यंदा साठ हजारांचं बजेट घेऊन दुकानात गेलो, तर सेल्समन म्हणाला, 'सर, हा चाळीस हजार हर्ट्झपर्यंत जातो!' अरे राजा, पण माणसाचा कान वीस हजारांच्या पुढे जात नाही. तिशीनंतर तर तेवढाही नाही!

डेमोला त्याने काहीतरी धडाडधूम लावलं. काचा थरथरल्या. मी म्हटलं, आता माझं लाव. वेस माँटगोमेरीचा १९६० सालचा 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार'.

हा वेस अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा. दिवसा कारखान्यात नोकरी, रात्री क्लबात गिटार. घरी रियाज करताना शेजारी वैतागू नयेत म्हणून त्याने पिक, म्हणजे ती प्लास्टिकची चकती, बाजूला ठेवली आणि नुसत्या अंगठ्याने वाजवायला लागला, असं सांगतात. पातळ भिंतींच्या वन बीएचकेत राहणाऱ्यांना ही गोष्ट लगेच पटेल! पण त्या अंगठ्याने त्याचा सूर बदलला. टोकदारपणा गेला, मऊ गोलाई आली.

तेव्हा स्पीकर पारखायची माझी टेस्ट एकच. अंगठा ऐकू येतोय का? महागड्या जोडीवर बेस इतका फुगलेला की गिटार कुठेतरी मागे. निम्म्या किमतीच्या छोट्या जोडीवर मात्र तारेला टेकणारं बोट स्पष्ट कळत होतं. तीच घेतली.

यात जादू काही नाही. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला बोलते, वरचे सूर हजार-अकराशेपर्यंत. त्यांचे ओव्हरटोन्स आणखी वर जातात, पण गिटारच्या ॲम्पमधला स्पीकरच पाच-सहा हजारांनंतर ढेपाळतो. म्हणजे खरा खेळ मधल्या पट्ट्यातला. मोबाइलच्या स्पीकरमधून ते ८२ हर्ट्झ बाहेरच पडत नाहीत. ओव्हरटोन्सवरून मेंदू सूर ओळखतो, पण त्याला वजन नसतं. फोटोतली मिसळच ती!

उरलेल्या पैशांतून जाड पडदे आणि एक गालिचा आणला. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, दोन्हींच्या मधोमध खुर्ची टाकली. यातली ओढाओढ तर फुकट, पण फरक जाणवण्याइतका. मग जिम हॉल आणि बिल एव्हन्सचा १९६२चा 'अंडरकरंट' लावला. फक्त गिटार आणि पियानो. हॉल किती कमी वाजवतो आणि पियानोला किती जागा सोडतो, हे अशा वेळी कळतं.

पण बॉस, इक्विपमेंटची मजल इथपर्यंतच. चार्ली ख्रिश्चनचं १९४१चं रेकॉर्डिंग ऐका. हार्लेममधल्या 'मिंटन्स' क्लबात जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने पोर्टेबल डिस्क रेकॉर्डरवर केलेलं. खरखर, गोंगाट, सगळं आहे. लाखाचे स्पीकर लावले तरी ते स्वच्छ होणार नाही. तरीही त्याची एक ओळ संपण्याआधी पुढची कशी सुचतेय, ते ऐकू येतं. पुढच्या वर्षी तो गेला, अवघ्या पंचविशीत. आज तो ऐकायला मिळतो, त्यात त्या ओबडधोबड मशिनचा मोठा वाटा आहे.

आपल्या कानात दिवसभर इअरफोन असतात, पण ते गाण्यासाठी कमी आणि शेजारच्या क्यूबिकलमधला कॉल ऐकू येऊ नये म्हणून जास्त. कान असेच बथ्थड होत जातात. त्यावर उपाय कुठल्याच दुकानात मिळत नाही. आठवड्यातून एकदा रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, दिवा मंद करायचा आणि एक अल्बम अख्खा ऐकायचा. आवाज बारीक ठेवला तरी चालतो. शेजाऱ्यांची काळजी तर वेसलाही होतीच की!