आमच्या नववीच्या निबंधाच्या वह्या

वार्षिक अंक हातीं पडतांच पालक प्रथम निकालाचीं पानें उघडतात, हें आम्हांस अनुभवानें ठाऊक आहे. त्यांत वावगें कांहीं नाहीं. शालान्त परीक्षेचा निकाल, चित्रकलेच्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांचीं नांवें, खोखोच्या संघानें मिळविलेली ढाल, विज्ञान प्रदर्शनांत मांडलेली ठिबक सिंचनाची प्रतिकृति, हें सर्व या अंकांत आपापल्या जागीं छापलें आहे व तें अवश्य वाचावें. आम्हांस मात्र येथें जिला ढाल मिळत नाहीं व जिचा तक्ता होत नाहीं अशा एका गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे. ती म्हणजे इयत्ता नववीच्या वर्गानें या वर्षीं केलेलें मराठी निबंधलेखन.

जून महिन्यांत आम्हीं पहिला निबंध दिला तो नेहमींचाच: 'पावसाळ्यांतील एक दिवस'. वह्या तपासावयास घेतल्या तेव्हां असें दिसून आलें कीं, साऱ्या वर्गावर एकच पाऊस पडला होता. प्रत्येक वहींत नद्या दुथडी भरून वाहात होत्या, मोर पिसारा फुलवून नाचत होते आणि धरणीमातेनें हिरवा शालू परिधान केला होता. अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकास, कळसूबाईच्या पायथ्याशीं राहणाऱ्या मुलानें असें लिहिलें असतें तर आम्हीं तें आनंदानें मान्य केलें असतें. तेथें पाऊस खरोखरच कोसळतो. परंतु हीं मुलें नगर, पाथर्डी, कर्जत, श्रीगोंदें या बाजूचीं. हा भाग पर्जन्यछायेंत येतो, आणि येथील पुष्कळ मुलांनीं जून महिन्यांत ढग पाहिला असला तरी तो पुढें निघून जातांनाच पाहिला आहे. हा शालू बाजारांत मिळणाऱ्या गाईडांतून आला होता. मुलांना आम्हीं दोष दिला नाहीं. अशाच निबंधास गुण मिळतात असें त्यांना वडील माणसांनींच शिकविलें आहे.

जुलैंत आम्हीं वर्गांत एक जुना निबंध मोठ्यानें वाचून दाखविला. तो एका शाळकरी मुलीचा आहे. मुक्ता ही मांग समाजांतील मुलगी पुण्यास जोतीराव फुले यांच्या शाळेंत सुमारें तीनच वर्षें शिकली होती. 'मांगमहारांच्या दुःखाविषयीं' हा तिचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रानें १८५५ सालीं १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा दोन अंकांत छापला. 'ज्ञानोदय' हें पत्र अमेरिकन मिशननें १८४२ सालीं आमच्या या नगर शहरांतच सुरू केलें होतें व रेव्हरंड हेन्री बॅलंटाईन हे त्याचे पहिले संपादक होते. पुढें तें मुंबईस गेलें. नगरचा त्या निबंधाशीं आणखीही एक संबंध पोहोंचतो. सिंथिया फरार नांवाच्या अमेरिकन बाई १८२७ सालीं मुंबईस आल्या, १८३९ पासून त्यांनीं नगरांत मुलींच्या शिक्षणाचें काम केलें, आणि १८६२ सालीं त्या येथेंच वारल्या. त्यांच्या शाळा पाहून जोतीरावांच्या मनांत मुलींना शिकविण्याचा विचार बळावला, आणि सावित्रीबाईंनीं अध्यापनाचे धडे घेतले ते कांहीं पुण्यास मिचेलबाईंपाशीं व कांहीं येथें फरारबाईंपाशीं, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. तेव्हां मुक्तेच्या दौतींत थोडी शाई नगरची होती असें आम्हीं वर्गास सांगितलें, आणि हें सांगतांना आम्हांस किंचित् अभिमान वाटला, तो वाचकांनीं पोटांत घालावा.

मुक्तेनें गाईड पाहिलें नव्हतें. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा प्रश्न तिनें सरळ विचारला आहे. इमारतींच्या पायांत तिच्या लोकांना पुरीत असत हें तिनें लिहिलें आहे. आणि त्यांच्या बायका बाळंत होत तेव्हां घरावर छप्परही नसे, थंडीवाऱ्यांत त्यांचे हाल होत, हेंही तिनें लिहिलें आहे. वाचन संपल्यावर वर्ग स्तब्ध होता. मग मागच्या बाकावरून एका मुलानें विचारलें, "या निबंधाला गुण किती मिळाले?" सर्व हंसले, आम्हींही हंसलों. परंतु मुलाचा प्रश्न प्रामाणिक होता.

त्यानंतर आम्हीं दिलेला विषय एवढाच होता कीं, जें या वर्गांत तुमच्याखेरीज दुसऱ्या कोणास ठाऊक नाहीं असें लिहा. पहिला आठवडा फुकट गेला. "सर, आम्हांला तर कांहींच ठाऊक नाहीं," असें वर्गांतील हुशार मुलेंच अधिक म्हणत होतीं. मग हळूहळू वह्या येऊं लागल्या. श्रीगोंद्याच्या एका मुलानें लिंबें तोडतांना काटा कोठें व कसा लागतो, आणि हात न ओरबाडतां फांदी कशी धरावी, हें दोन पानें भरून लिहिलें. दुसऱ्याचे वडील नेप्तीच्या बाजारांत कांदा घेऊन जातात. त्यानें पट्टीवरील हिशेबच उतरवून दिला: हमाली, तोलाई, गाडीभाडें वजा जातां हातीं काय उरलें, आणि त्या रात्रीं घरीं कोण कोणाशीं बोललें नाहीं. एका मुलीनें टँकर आल्यावर हंड्यांची रांग कशी लागते व ती कोण मोडतो हें लिहिलें. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका अगणित होत्या.

पाथर्डी तालुक्यांतील एका मुलीनें चार पानें लिहिलीं. तीं वाचून आम्हीं वही मिटली व पुढची वही लगेच हातीं घेतली नाहीं. आपल्या जिल्ह्यांत लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० सालीं त्याचें गाळप सुरू झालें. प्रवरेकांठीं पाटाचें पाणी, ऊस आणि साखर आली. पाथर्डीच्या कोरडवाहू गांवांच्या वांट्यास ऊस आला नाहीं, ऊस तोडण्याचें काम आलें. दसरा-दिवाळी झाली कीं तेथील कुटुंबें बिऱ्हाड बांधून निघतात, तीं पाडव्याच्या सुमारास परततात. नवराबायकोच्या जोडीस 'कोयता' म्हणतात. मुकादम कोयत्याच्या हिशेबानें आगाऊ उचल देतो, आणि ती फेडण्यांत हंगाम जातो. मुलीनें लिहिलें तें असें: आईबाप पहाटेच्या अंधारांत फडावर जातात, आई मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते, वाढें विकून मीठमिरचीचा खर्च भागतो, आणि तीन वर्षांपूर्वीं अशाच एका मुक्कामीं, पाचटाच्या कोपींत, तिचा धाकटा भाऊ जन्मला. त्या रात्रीं वाऱ्यानें कोपीचें पाचट उडालें, तेव्हां शेजारणींनीं साड्या धरून आडोसा केला. बॅटरी तिनें धरली होती. तिचें वय तेव्हां अकरा वर्षांचें. मुक्तेच्या निबंधांत छप्पर नसल्याचें ऐकतांना आपल्याला ती कोपी दिसली, एवढें सांगून तिनें निबंध संपविला होता. आम्हीं लाल शाईनें चार ठिकाणीं ऱ्हस्वदीर्घ सुधारलें आणि बाकी सारें तसेंच ठेवलें.

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली तेव्हां ती आली नाहीं. वसतिगृहांत तिची जागा होती, तिची फीही माफ होती. मुख्याध्यापक व आम्ही तिच्या गांवीं गेलों. बिऱ्हाड निघावयास दोन दिवस अवकाश होता. वडिलांनीं आम्हांस चहा दिला आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीनं शिकावं आसं मलाबी वाटतंय. पन आमी दोघं फडात, म्हातारी हातरुनाला खिळलेली. बारक्याला कुनापाशी ठिवायचं?" आमच्यापाशीं त्याचें उत्तर नव्हतें. मुलगी दाराआड उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं. तिसऱ्या दिवशीं ती त्यांच्याबरोबर गेली.

पुढें जें झालें त्याचें श्रेय आमचें नाहीं. वर्गांतील पांच मुलींनीं आपसांत पाळी लावून रोजच्या धड्यांचे व सोडविलेल्या गणितांचे फोटो तिच्या वडिलांच्या मोबाइलवर पाठविण्यास आरंभ केला. रात्रीं जेवणें उरकल्यावर तो मोबाइल तिच्या हातीं येई. कोठें चार्जिंगची सोय नसली कीं दोन दोन दिवस उत्तर येत नसे, तरी पाळी चुकत नसे. आम्हांस हें जानेवारींत, तेंही योगायोगानें, कळलें.

त्याच महिन्यांत स्नेहसंमेलन होतें. निबंध वाचण्यास तिची व घरच्यांची अनुमति विचारली, तेव्हां तिनें तो प्रथम आईवडिलांना फोनवर ऐकवावयास सांगितलें. नंतर निरोप आला कीं, वाचा, पण नांव घेऊं नका. तिच्या मैत्रिणीनें तो वाचला. टाळ्या लगेच पडल्या नाहींत. कार्यक्रम आटोपल्यावर बँकेंत नोकरीस असलेले एक पालक आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले कीं, त्यांचाही जन्म कोपींतलाच, आणि शेजारीं उभ्या असलेल्या त्यांच्या मुलास हें आजवर ठाऊक नव्हतें. तो निबंध या अंकांत छापला आहे. नांव अर्थातच गाळलें आहे.

ती पाडव्यानंतर परतली, वार्षिक परीक्षेस बसली व उत्तीर्ण झाली. गणितांत ती कांठावर तरली. मराठींत वर्गांत चौथी आली, कारण व्याकरणाचे गुण गेले. आतां तिची दहावी आहे. येत्या हंगामाची उचल पावसाळ्यांतच घ्यावी लागते, आणि ती घेण्यापूर्वीं शाळेंत येऊन बोलण्याचें तिच्या वडिलांनीं कबूल केलें आहे. धाकट्या भावास वसतिगृहाजवळच्या बालवाडींत घेण्यास बालवाडीच्या बाई तयार आहेत. रात्रीं त्यानें कोठें निजावें, याचा विचार मुख्याध्यापकांनीं चालविला आहे.